ऊस टिश्यू कल्चरचा मीडिया निर्जंतुक कसा करायचा: पहिल्यांदा ऑटोक्लेव्ह लावणाऱ्यांसाठी

उसाच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत, म्हणजे कोंबाच्या तुकड्यांपासून बाटलीत रोपं करतात तिथे, नवीन माणूस लागला की त्याला पहिल्या आठवड्यात लॅमिनारवरचं, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या टेबलावरचं, काम शिकवतात. चिमटा कसा धरायचा, ब्लेड कधी बदलायचं, हात स्पिरिटने किती वेळा पुसायचे, सगळं. मीडिया रूममध्ये, म्हणजे रोपांचं खाद्य बनवतात त्या खोलीत, मात्र "बाटल्या भरा, ऑटोक्लेव्हला लावा, वीस मिनिटं झाली की बंद करा" एवढंच सांगून पाठवतात. (ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र.) मलाही तसंच पाठवलं होतं. त्या वीस मिनिटांत काय काय बिघडू शकतं हे कळायला मला अख्खा एक हंगाम लागला.

पूर्वहंगामी लागणीच्या रोपांची मागणी डोक्यावर होती आणि आमच्या बाटल्या चौथ्या-पाचव्या दिवशी गढूळ व्हायला लागल्या. आम्ही फुटवे वाढवायला पातळ मीडिया वापरत होतो, त्यामुळे लगेच दिसायचं. बाटली उजेडासमोर धरून हलवली की तळातून दुधाळ धूर उठल्यासारखा वर यायचा. सगळ्यांचं बोट लॅमिनारवर बसणाऱ्या मुलींकडे. हातमोजे बदलले, स्पिरिट बदललं, लॅमिनारचा फिल्टर तपासून घेतला. पंधरा दिवस गेले. मग एका जुन्या सहकाऱ्यांनी रोप न घातलेल्या कोऱ्या बाटल्या रॅकवर ठेवायला सांगितल्या. त्याही गढूळ झाल्या. म्हणजे त्या मुलींचा दोष नव्हता, मीडियाच कच्चा राहत होता. आणि ऑटोक्लेव्ह मी लावत होते. वेळ वाचवायला मी वाफेची तोटी लवकर बंद करायचे. दाबाचा काटा १५ वर जायचा, आतलं तापमान मात्र १२१ अंशाला पोचतच नव्हतं.

हे का होतं आणि कसं टाळायचं ते इथे क्रमाने लिहिते आहे. कृषी किंवा बायोटेकची पदवी घेऊन नुकतेच प्रयोगशाळेत आलेले, किंवा स्वतःच्या रोपवाटिकेला जोडून छोटी लॅब काढू बघणारे, अशा दोघांनाही उपयोगी पडेल.

आधी एवढं समजून घ्या

आपण वापरतो तो एमएस मीडिया मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवला. उसाच्या पेशी काचेत वाढवायचं काम हवाई बेटांवर १९६० च्या दशकात सुरू झालं, आणि आज आपल्याकडे मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेपासून लहान खासगी प्रयोगशाळांपर्यंत उसाची रोपं बहुतेक याच मीडियावर किंवा त्यात थोडा फेरफार करून वाढवली जातात. त्यात लिटरला ३० ग्रॅम साखर असते. शेतात साखर तयार करणाऱ्या उसाला बाटलीत मात्र आपणच साखर खाऊ घालावी लागते, कारण मंद उजेडात आणि बंद झाकणाखाली त्याची पानं स्वतःपुरतं अन्न करू शकत नाहीत. पण साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि २५ अंशांची ऊब म्हणजे जिवाणूंना आणि बुरशीला जेवणाचं ताटच. उसाचा कोंब हळू वाढतो. जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो.

नुसतं उकळून भागत नाही. बॅसिलससारख्या जिवाणूंचे बीजाणू १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात तग धरतात. ते मरायला दाबाखालची ओली वाफ लागते: १२१ अंश सेल्सिअस. हे तापमान गाठायलाच १५ पीएसआय, म्हणजे साधारण १.०५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब लागतो. जंतू मारते ती उष्णता. दाबाचं काम पाण्याला त्या तापमानापर्यंत नेण्यापुरतंच आहे.

काय काय लागेल

– ऑटोक्लेव्ह. दाबाच्या काट्याबरोबर तापमापकही असलेला घ्या, थोडा महाग पडला तरी.
– पीएच मीटर, आणि ४ व ७ पीएचची बफर द्रावणं
– ग्रॅमचा दुसरा-तिसरा दशांश दाखवणारा तराजू
– डिस्टिल्ड किंवा चांगलं आरओ पाणी
– एमएस पावडर, साखर, अगार (मीडिया घट्ट करायला), हार्मोनची स्टॉक द्रावणं
– १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल
– जॅमच्या बाटल्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये टिकणारी पॉलिप्रॉपिलीनची झाकणं
– ऑटोक्लेव्ह टेप, आणि महिन्यातून एकदा लावायला बीजाणूंची चाचणी कुपी
– ०.२२ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर
– जाड सुती हातमोजे, बंद बूट, न पुसला जाणारा मार्कर
– नोंदवही

साखरेबद्दल नवीन माणसं नेहमी विचारतात. संशोधनाला रसायन दर्जाची साखर घ्या. रोपं विकण्यासाठी तयार करणाऱ्या प्रयोगशाळांत बाजारातली स्वच्छ, पांढरी, दाणेदार साखर चालते. गूळ किंवा पिवळट साखर नको.

पायरी १: मीडिया बनवा

एक लिटरसाठी ८०० मिलिलिटर पाणी घ्या. ढवळत ढवळत एमएस पावडर घाला. पाकिटावर लिटरला किती ते लिहिलेलं असतं, जीवनसत्त्वांसकट असेल तर बहुधा ४.४ ग्रॅमच्या आसपास. मग ३० ग्रॅम साखर, मग हार्मोन. फुटव्यांच्या मीडियात बीएपी आणि कायनेटिन, मुळांच्या मीडियात एनएए, असं साधारण चालतं. नेमकं प्रमाण जातीनुसार बदलतं. को ८६०३२ ला जमलेलं प्रमाण फुले २६५ ला जमेलच असं नाही, ते तुमच्या प्रयोगशाळेच्या वहीतून घ्या. हे तिन्ही हार्मोन ऑटोक्लेव्ह सोसतात, म्हणून आधीच घालता येतात.

पाणी घालून एक लिटर पुरं करा, मग पीएच ५.८ ला आणा. थेंबाथेंबाने. घाईत पुढे गेलात तर आम्ल घालून मागे, अल्कली घालून पुन्हा पुढे असं होतं आणि तेवढे जादा क्षार मीडियात बसतात. ऑटोक्लेव्हनंतर पीएच काही दशांशांनी खाली येतो, ते धरूनच ५.८ ठेवलेला आहे.

पीएच झाल्यावरच अगार घाला, लिटरला ७ ते ८ ग्रॅम. आधी घातलात तर मीटरच्या इलेक्ट्रोडवर चिकटा बसतो आणि आकडा सरकत राहतो. उकळी आणून अगार पूर्ण विरघळवा. चमचा वर उचलल्यावर त्यावरून ओघळणारा मीडिया पाण्यासारखा स्वच्छ दिसला पाहिजे, त्यात कण किंवा रेषा दिसल्या तर अजून वेळ द्या. पातळ मीडियाला हा सगळा भाग नाही, बाटल्यांत भरायला लागा.

पायरी २: बाटल्या भरा

बाटल्या आधी साबणाने, मग नळाच्या पाण्याने तीन-चार वेळा, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन पालथ्या वाळवा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर काचेवर राहू देऊ नका.

जॅमच्या बाटलीत ३० ते ४० मिलिलिटर पुरे. काठोकाठ भरलेला फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये उतू जातो. मोठ्या भांड्यात बनवत असाल तर निम्म्याच्या वर भरू नका. ओतताना बाटलीच्या तोंडाला मीडिया लागू देऊ नका, लागलाच तर पुसा. तोंडावर वाळलेल्या त्या गोड थेंबावरून बुरशी झाकणाखालून आत उतरते.

झाकण लावा आणि मग पाव फेरा उलटं सैल करा. ही गोष्ट विसरतेच. घट्ट झाकणाच्या बाटलीत वाफ शिरत नाही, आतली हवा बाहेर येत नाही, आणि बाटली तडकू शकते ते वेगळंच. बाटलीवर मीडियाचा संकेत, बॅच क्रमांक आणि तारीख मार्करने आत्ताच लिहा. फुटव्यांचा आणि मुळांचा मीडिया बाहेर आल्यावर दिसायला अगदी सारखा असतो.

पायरी ३: ऑटोक्लेव्हची तयारी

रोज सकाळी चार गोष्टी पाहा. पाणी हीटरच्या कॉइलच्या वर आहे का. झाकणाचं रबरी गॅस्केट कुठे चिरलं किंवा कडक झालं आहे का. सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे का. वाफेच्या तोटीच्या भोकात वाळलेला अगार अडकलेला आहे का. शेवटची गोष्ट मी एकदा टाचणीने टोकरून काढली आहे, वाटाण्याएवढा तपकिरी गोळा निघाला होता. तोटी अशी बुजली तर हवा बाहेर जाणार कुठून?

ऑटोक्लेव्हमध्ये आरओ किंवा डिस्टिल्ड पाणीच घाला, नाहीतर कॉइलवर क्षारांची खपली बसते. कॉइल उघडी पडून तापली तर जळते.

बाटल्या जाळीच्या टोपल्यांत ठेवा, एकमेकींना चिकटवून ठासू नका. बोट जाईल इतकी जागा हवी. वाफ प्रत्येक बाटलीच्या अंगाला लागली पाहिजे. तळात पत्र्याचा ट्रे किंवा प्लॅस्टिकची टोपली ठेवली की तिथे हवेचा कप्पा तयार होतो. हवा वाफेपेक्षा जड, ती खाली साचते आणि तळच्या ओळीतल्या बाटल्या कच्च्या राहतात.

एकाच फेरीत ३० मिलिलिटरच्या बाटल्या आणि एक लिटरचा फ्लास्क कधीही लावू नका. फ्लास्क शिजेपर्यंत बाटल्या जळतात, बाटल्यांच्या हिशेबाने बंद केलं तर फ्लास्कचं पोट कच्चं राहतं.

झाकणाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. एका बाजूने सुरुवात करून गोल आवळत गेलात की झाकण तिरपं बसतं आणि दुसऱ्या बाजूने वाफ फुसफुसते.

पायरी ४: हवा पूर्ण बाहेर काढा

सगळ्यात जास्त बॅचेस इथे वाया जातात, म्हणून इथे जरा थांबते.

ऑटोक्लेव्ह बंद केला तेव्हा आत पाणी, बाटल्या आणि खोलीतली साधी हवा असते. तापायला लागल्यावर वाफही दाब देते आणि ती हवाही दाब देते. काट्याला दोन्ही सारखेच, तो बेरीज दाखवतो. पण तापमान ठरतं फक्त वाफेच्या दाबावर. म्हणून १५ पीएसआयला सगळी हवा गेलेली असेल तर आत १२१ अंश असतात, निम्मीच गेली असेल तर साधारण ११२, आणि काहीच गेली नसेल तर जेमतेम १००. तिन्ही वेळा काटा तिथेच. बाहेर उभ्या माणसाला फरक कळायचा एकच मार्ग, तापमापक.

तेव्हा असं करा. हीटर लावताना वाफेची तोटी पूर्ण उघडी ठेवा. आधी तोटीतून नुसती फुर्र फुर्र तुटक वाफ येते, मध्येच थांबते, थुंकल्यासारखे पाण्याचे थेंब पडतात. हा हवा-वाफेचा मिश्र फवारा. थोड्या वेळाने आवाज बदलतो, सलग एका सुरात सूंऽऽ असा येतो आणि तोटीच्या तोंडाशी बोटभर अंतरात वाफ दिसतच नाही, त्यापुढे पांढरा लोट सुरू होतो. खरी कोरडी वाफ डोळ्यांना दिसत नाही, दिसतं ते तिचं थंड झालेलं धुकं. अशी सलग वाफ सुरू झाल्यावर घड्याळ लावून आणखी ५ ते ७ मिनिटं तोटी उघडीच राहू द्या. मोठा ऑटोक्लेव्ह गच्च भरलेला असेल तर १० मिनिटं. मगच बंद करा.

या मिनिटांत थोडं पाणी आणि वीज जाते. सुरुवातीला मी तेवढंच वाचवत होते.

उंचीचंही गणित आहे. पुणे, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथे बाहेरच्या हवेचा दाब कमी, आणि काटा दाखवतो तो बाहेरच्यापेक्षा आत किती जास्त एवढंच. त्यामुळे आपल्याकडे १५ पीएसआयवर तापमान १२१ पेक्षा अंशभर खालीच भरतं. काटा १६ च्या आसपास ठेवा किंवा सरळ तापमापक पाहून चाला. रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर ही दुरुस्ती लागत नाही.

पायरी ५: वेळ मोजा

हीटर लावल्यापासून नाही, तोटी बंद केल्यापासूनही नाही. तापमापकाने १२१ दाखवल्यापासून मोजायची. आणि किती, ते एका भांड्यात किती मीडिया आहे त्यावर. मधल्या मीडियाला तापायला वेळ लागतो, तो यात धरलेला आहे:

– २५ मिलिलिटरपर्यंत: २० मिनिटं
– ५० मिलिलिटर: २५ मिनिटं
– १०० मिलिलिटर: २८ मिनिटं
– ५०० मिलिलिटर: ३५ मिनिटं
– एक लिटर: ४० मिनिटं

"सुरक्षित म्हणून दहा मिनिटं जास्त ठेवू" हा मोह प्रत्येकाला होतो. जास्त शिजवलं की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, पुढे ती करपते, मीडिया पिवळा, मग चहासारखा तांबूस होतो. पीएच आणखी घसरतो. पीएच फार खाली गेला की अगार धरत नाही, बाटली तिरपी केली की आतला गोळा सटकतो. क्षारांपैकी काही फॉस्फेटबरोबर तळाला बसतात आणि रोपाला मिळत नाहीत. कोंब मरत नाहीत पण पिवळे, खुजे राहतात, आणि दोष जातो जातीला.

या वीस-पंचवीस मिनिटांत जागा सोडू नका. तापमान १२१ ते १२३ च्या मधे हवं.

वीज गेली तर? दोन-तीन मिनिटांत आली आणि तापमान १२१ च्या खाली उतरलं नाही, तर मोजणी चालू ठेवा. खाली उतरलं असेल तर मोजलेली मिनिटं सोडून द्या आणि पुन्हा १२१ ला आल्यापासून पूर्ण वेळ द्या. अशा बाटल्यांवर खूण करा, त्या दोनदा शिजल्या आहेत. रंग आणि घट्टपणा बरा असेल तर वापरा, तांबूस झाल्या असतील तर टाका. गावाकडे इन्व्हर्टरवर एवढा हीटर चालत नाही, म्हणून मी ऑटोक्लेव्ह वीज खात्रीने असेल त्याच तासांत लावायचे, मग पहाटे यावं लागलं तरी.

पायरी ६: उतरवताना घाई नको

वेळ संपली की हीटर बंद करा आणि हात मागे घ्या. तोटी उघडून वाफ सोडायची नाही. आतला मीडिया १२१ अंशांवर आहे, दाबामुळे उकळत नाही इतकंच. दाब एकदम काढला तर सगळ्या बाटल्या एकाच वेळी उसळून उकळतात, झाकणं उडतात, मीडिया टोपलीभर सांडतो. काटा आपोआप शून्यावर येऊ द्या, मग तोटी हळू उघडा, मग नट सोडा. झाकण उचलताना तोंड बाजूला, आणि झाकणाची पलीकडची कड आधी उचला म्हणजे उरलेली वाफ तुमच्यापासून लांब जाईल. ओढणी, पदर खोचलेला, पायात बंद बूट. वाफेने भाजलेला हात मी जवळून पाहिला आहे. आधी नुसता लाल दिसतो आणि तासाभरात कातडी सुटते.

बाटली निवते तशी आतली हवा आकसते आणि सैल झाकणाखालून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा कुठली आहे हे महत्त्वाचं. धुण्याच्या मोरीशेजारी, पंख्याखाली, उघड्या खिडकीपाशी बाटल्या निवत ठेवल्या तर मघाशी केलेली सगळी मेहनत तिथे जाते. पावसाळ्यात तर हवेत बुरशीचे बीजाणू भरलेलेच असतात. टोपल्या गरम असतानाच स्वच्छ खोलीत न्या, शक्य तर लॅमिनारसमोर ठेवा, आणि कोमट झाल्या की झाकणं घट्ट करा. अगार ४० अंशांच्या खाली धरतं, तोपर्यंत बाटल्या सपाट जागी, न हलवता.

पायरी ७: जे ऑटोक्लेव्ह सोसत नाही

जिबरेलिक आम्ल आणि आयएए हे हार्मोन, ॲस्कॉर्बिक आम्ल आणि बहुतेक अँटिबायोटिक उष्णतेने पूर्ण किंवा थोडीफार खराब होतात. ती ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून लॅमिनारमध्येच गाळून घ्यायची आणि मीडिया ४५ ते ५० अंशांवर आला की मिसळायची. गालाला नाही, मनगटाच्या आतल्या बाजूला भांडं लावून पाहा. गरम लागेल पण सोसेल, तेवढं. फिल्टर, सिरिंज, मोजमापाची भांडी निर्जंतुक हवीत.

सेफोटॅक्सिमसारखं अँटिबायोटिक सरसकट घालून बाटल्या स्वच्छ दाखवणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. माझा याला विरोध आहे. अँटिबायोटिक पुष्कळदा जिवाणूला दडपून ठेवतं, संपवत नाही. बिनअँटिबायोटिकच्या मीडियावर गेल्यावर तो परत वर येतो, तोवर तुम्ही त्याच मातृबाटलीतून शेकडो बाटल्या केलेल्या असतात.

पायरी ८: सात दिवस थांबा आणि बाटली वाचा

आज केलेला मीडिया आज वापरायचा नाही. प्रत्येक फेरीतल्या पाच बाटल्या कोऱ्या ठेवा: एक वरच्या टोपलीतली, एक तळातली, तीन मधल्या. बाकीच्या अंधाऱ्या, स्वच्छ कपाटात २५ अंशांच्या आसपास ठेवा आणि किमान पाच ते सात दिवस रोज नजर टाका. मीडियातलं लोह आणि काही हार्मोन उजेडात खराब होतात, म्हणून कपाट अंधारं.

ऑटोक्लेव्ह टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे काम झालं असं समजू नका. टेप एवढंच सांगते की इथे गरम वाफ लागली होती. खरी परीक्षा बीजाणूंच्या कुपीची. त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या, उष्णतेला चिवट जिवाणूचे बीजाणू असतात. कुपी भरलेल्या टोपलीच्या अगदी मध्यात ठेवून फेरी पूर्ण करा, मग ५५ ते ६० अंशांवर दोन दिवस ठेवा. बरोबर एक न शिजवलेली कुपीही ठेवा. शिजवलेली जांभळी कुपी पिवळी पडली तर जिवाणू जिवंत आहे, म्हणजे तुमचा ऑटोक्लेव्ह काम करत नाही.

बाटलीत काही दिसलं की ती मोरीत ओतायच्या आधी नीट बघा, ती दोष कुठे आहे ते सांगते.

कोऱ्या बाटल्याही बिघडल्या, किंवा अगारच्या पोटात खोलवर ठिपके दिसले, तर मीडिया कच्चा. पायरी ४ ला परत जा. फक्त तळातल्या किंवा मधल्याच बाटल्या बिघडल्या तर टोपली ठासली आहे.

काचेच्या कडेने किंवा झाकणाखालून बुरशीची लोकर उतरत असेल तर झाकण, निवण्याची जागा किंवा बाटलीच्या तोंडाला लागलेला मीडिया. पृष्ठभागावर इकडेतिकडे विखुरलेले ठिपके म्हणजे लॅमिनारची हवा किंवा हात.

कोऱ्या बाटल्या स्वच्छ आणि रोपाच्या बुडाशीच पांढुरकं, ढगाळ कडं, तर जिवाणू उसातूनच आला. उसाच्या पेरात असे जिवाणू मुळातच राहतात. ग्लुकॉनॅसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस हा त्यांतला प्रसिद्ध. ब्राझीलमध्ये १९८८ साली उसातूनच वेगळा केलेला, हवेतला नत्र धरणारा. शेतात तो उसाच्या कामाचा, पण गोड आणि आंबट मीडिया त्याला भलताच मानवतो. इथे ऑटोक्लेव्ह कितीही वेळ लावून उपयोग नाही. कोंब आणखी लहान घ्या, त्याचं निर्जंतुकीकरण सुधारा, मातृरोप बदला.

आणि दोन गोष्टी कंटॅमिनेशन, म्हणजे जंतूंची लागण, नसतात, तरी नवीन मुलं बाटल्या टाकून देतात. कोंब कापल्यावर त्यातून फिनॉल झिरपतो आणि भोवतीचा मीडिया तपकिरी होतो. तो पसरतो पण त्यावर थर येत नाही, कोंब नव्या मीडियावर हलवा. दुसरं म्हणजे तळाला बसलेली बारीक पांढरी भुकटी, क्षारांची. हलवली की उठते आणि परत तळाला बसते, दिवसागणिक वाढत नाही. जिवाणूचा गढूळपणा वाढतो.

प्रेशर कुकरवर करायचं असेल तर

सुरुवातीला थोड्या बाटल्यांसाठी मोठा घरगुती कुकर चालतो, त्याचं वजन साधारण त्याच दाबाला उचललं जातं. तळात जाळी, तीन-चार बोटं पाणी, बाटल्या पाण्याच्या वर. वजन न लावता सलग वाफ पाच-सात मिनिटं जाऊ द्या, मग वजन लावा. पहिली शिट्टी झाली की आच इतकी मंद करा की वजन हलकं फुसफुसत राहील, आणि तिथून २५ मिनिटं. शिट्ट्या मोजू नका, प्रत्येक शिट्टीला दाब एकदम खाली येतो. आपोआप निवल्यावरच उघडा. यात तापमापक नाही, त्यामुळे कोऱ्या बाटल्यांची सात दिवसांची परीक्षा इथे टाळताच येत नाही.

पायरी ९: बिघडलेल्या बाटल्या

कंटॅमिनेशन झालेली बाटली धुण्यासाठी तशीच उघडू नका. बुरशीच्या एका हिरव्या ठिपक्यातून झाकण उघडताक्षणी बीजाणूंचा धूर खोलीभर होतो. बंद बाटल्या आधी वेगळ्या फेरीत १२१ अंशांवर ३० ते ४० मिनिटं शिजवा, मग मीडिया रूमपासून लांब उघडून धुवा. त्या फेरीत नवीन मीडिया ठेवायचा नाही. बिघडलेल्या बाटल्या ट्रॉलीवर दोन दिवस पडू देऊ नका, रोज संध्याकाळी उचलाच.

नोंदवही

प्रत्येक फेरीला एक ओळ: तारीख, बॅच क्रमांक, मीडियाचा प्रकार, आधीचा पीएच, बाटल्या किती आणि प्रत्येकीत किती मीडिया, तोटी कधी बंद केली, १२१ ला कधी पोचलं, कधी बंद केलं, वीज गेली का, कोणी लावला, सातव्या दिवशी कोऱ्या बाटल्यांत काय दिसलं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन पद्धत चालवली आहे. पुढे त्यासाठी अर्ज करायचा असेल तर वही पहिल्या दिवसापासूनच नीट ठेवा, नंतर आठवून भरता येत नाही. आमच्या वहीत त्या पंधरा दिवसांचा "तोटी कधी बंद केली" हा रकानाच नव्हता. असता तर दोष तिसऱ्या दिवशी सापडला असता आणि त्या मुलींना विनाकारण बोलणी खावी लागली नसती. आता मी नवीन माणसाला पहिल्या दिवशी तो रकाना आखायला लावते, मग ऑटोक्लेव्हला हात लावू देते.